ग्रेन-फ्री डॉगफूड, १२ किलोची बॅग: क्विंटलभर कापसाच्या पैशात चुनी घेतली बाप्पा

५ पैकी २ स्टार. त्यातला एक बॅगेला आहे, म्हणजे त्या प्लास्टिकच्या बॅगेला, आतल्या मालाला नाही, ते शेवटी सांगतो. दुसरा यासाठी की आमच्या बंड्यानं हे फूड दोन वर्षं चाटूनपुसून खाल्लं, कधी दाणा ठेवला नाही, चवीबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती, अन् खाणारा तो होता मी नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कमेंटमध्ये विचारू नका. एक तर हा एका कंपनीचा प्रश्न नाही, ग्रेन-फ्री म्हणजे बिनधान्याचं असं लिहिलेल्या ढीगभर बॅगा मिळतात, अन् दुसरं म्हणजे माझ्या कुत्र्याला जे झालं ते याच बॅगेनं झालं असं मी शपथेवर नाही सांगू शकत. डॉक्टरही नाही सांगू शकले. पण जे घडलं ते घडलं तसं लिहितो, कारण घ्यायच्या आधी मला असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर मी दुकानदाराला दोन प्रश्न तरी विचारले असते.

आमचं गाव आर्वीकडचं, वर्धा जिल्हा. कपाशी, तूर, थोडा हरभरा, गोठ्यात दोन गवळाऊ गाई. कुत्रं आमच्याकडं नेहमीच होतं पण ते वावरातलं, नाव मोत्या नाहीतर काल्या, रात्रीची भाकर ताकात कुस्करून टाकली की झालं. बंड्या हा घरातला पहिला कागदपत्रवाला कुत्रा, गोल्डन रिट्रीव्हर. पुण्याच्या भाच्यानं हौसेनं घेतला, मग सोसायटीवाल्यांची कटकट सुरू झाली, मग 'मामा तुमच्याकडं मोकळं आहे' म्हणून वर्षाचा असताना आमच्याकडं आणून सोडला. एवढ्या केसांचं जनावर अन् आमच्याकडचं ४५-४६ डिग्रीचं ऊन, पहिला उन्हाळा त्यानं सगळा कुलरसमोर झोपून काढला. आई म्हणे, "कुत्रं कायचं रे, हा तं जावई येऊन बसला घरात."

पहिलं वर्ष तो सगळंच खायचा, भाकर-दूध, वरण-भात, अंडं, अन् सोबत भाच्यानं सांगितलेलं साधं चिकन-राइसवालं फूड. काही त्रास नव्हता. मग एका पावसाळ्यात खाजवायला लागला, पोटाखालचे केस गेले, कान लाल. तालुक्याच्या दुकानात फोटो दाखवला तर दुकानदार म्हणाला ही धान्याची ॲलर्जी आहे भाऊ, कुत्रा म्हणजे मुळात लांडगा, लांडगा कुठं गहू-तांदूळ खातो, तुम्ही ग्रेन-फ्री चालू करा. मला तेव्हा हे एकदम पटलं. आता वाटतं त्याला तिथंच विचारायला पाहिजे होतं, की मग तुमचा लांडगा वाटाणे सोलून खातो का. (कुत्रा माणसाजवळ राहून राहून बदललाय, पिठूळ अन्न पचवणाऱ्या जीनच्या प्रती त्याच्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे २०१३ सालीच छापून आलंय. हे मला आत्ता माहीत, तेव्हा नव्हतं.) खाजेचं कारण पुढं निघालं ते गोठ्यातले गोचीड. आणि कुत्र्यांना खाण्याची ॲलर्जी असलीच तर बीफ, दूध, चिकन यांचीच जास्त निघते, गहू त्यांच्या मागून येतो. म्हणजे ज्या आजारासाठी ही बॅग घेतली तो आजारच नव्हता!

बॅग दिसायला मात्र लय भारी. काळी, सोनेरी अक्षरं, मागं बर्फाचे डोंगर, समोर लांडगा. १२ किलोला ६८०० रुपये. आमच्याकडं तेव्हा क्विंटलभर कापूस विकला की जेवढे हातात यायचे जवळपास तेवढेच. बंड्या ३२ किलोचा, रोजचं चारशे ग्रॅम, म्हणजे महिन्याला एक बॅग. बायको काही बोलली नाही, नुसतं बॅगेकडं बघितलं अन् आत गेली, ज्यांचं लग्न झालंय त्यांना समजेल. खरं ते सांगायचं तर पहिले सहा महिने मी खूश होतो, केस चमकायला लागले, शी घट्ट, वास कमी, खाज पण गेली (गोचीडाचं औषध मारलं होतं त्याच महिन्यात, पण क्रेडिट बॅगेला दिलं).

एक दिवस पोरगी, आठवीत आहे, सेमी इंग्लिशला, बॅगेच्या मागचं वाचत बसली अन् आजीला मराठीत सांगू लागली. चिकन मील, मग वाटाणा, मग मसूर, काबुली चणा, मग वाटाण्याचं प्रोटीन, बटाटा, वाटाण्याचं फायबर, पुढं बारीक अक्षरात बरंच काही. आई ऐकून घेत होती, मग म्हणाली, "काऊन रे, हे तं चुनी हाये! सात हजाराची चुनी? आपल्या गाईले देतो थे काय वाईट हाये?"

बाहेरच्यांसाठी सांगतो, चुनी म्हणजे डाळ मिलमधून डाळ पडताना जो चुरा-साल निघते ते, तुरीची, हरभऱ्याची, ढोरांना ढेपेसोबत देतात. आम्ही सगळे हसलो. मी आईला समजावलं की हे सायंटिफिक असते, तुला नाही समजत. हे वाक्य मला आजही आठवलं की कानकोंडं होते.

आता यातली गंमत बघा. लेबलवर माल वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, जे जास्त ते आधी. चिकन पहिलं दिसलं की आपण खूश. पण वाटाणा, वाटाण्याचं प्रोटीन, वाटाण्याचं फायबर हे तिन्ही वेगवेगळे लिहिले म्हणून खाली-खाली गेले, तिन्हीची बेरीज केली अन् त्यात मसूर-चणा टाकला तर चिकनच्या वर कोण बसेल ते सांगायला डिग्री लागत नाही. धान्य काढलं म्हणजे त्या जागी मटण भरलं असं आपल्याला वाटते, भरलेली असते डाळ.

दिवाळीच्या आसपास बंड्या वावरात यायला कंटाळू लागला. आधी माझ्या गाडीच्या पुढं पळायचा, आता नाल्याच्या पुलापर्यंत आला की बसून जायचा. म्हटलं वजन वाढलं असेल. संक्रांतीला रात्रीचा खोकला सुरू झाला, घशात हाड अडकल्यासारखं ठसकायचा, मग थुंकीसारखं काहीतरी काढायचा. आमच्याकडं ढोराचा डॉक्टर येतो, माणूस चांगला आहे, गाईची अडलेली डिलिव्हरी रात्री दोन वाजता केलीय त्यानं, पण कुत्र्याच्या छातीचं यंत्र त्याच्याकडं कुठून येणार, त्यानं खोकल्याचं औषध दिलं. आठ दिवस बरं वाटलं. मग फेब्रुवारीत हरभऱ्यात वानरं शिरली, सालदारानं आरोळी ठोकली, बंड्या जुन्या सवयीनं उठून पळाला अन् अर्ध्या धुऱ्यावर आडवा पडला. पाय ताठ, जीभ निळसर. सालदार ओरडला, "भाऊ, कुत्रं गेलं जी!" मी पोचेपर्यंत तो उठून बसला होता अन् शेपटी हलवत होता, जणू माझीच काहीतरी चूक झाली.

दुसऱ्या दिवशी मित्राची बोलेरो घेऊन नागपूरला निघालो, तळेगाव, कारंजा, कोंढाळी, सगळा रस्ता तो मागच्या सीटवर तोंड उघडं ठेवून धापा टाकत होता अन् मी दर दहा मिनिटांनी वळून बघत होतो. प्रायव्हेट क्लिनिक, एक्स-रे, ईसीजी, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इको करायला छातीच्या बाजूचे थोडे केस काढले, एका कुशीवर झोपवला, पंधरा-वीस मिनिटं. डॉक्टर मॅडम स्क्रीनकडं बघत होत्या, बघता बघता विचारलं, "याला खायला काय देता?"

मी छाती फुगवून सांगितलं, ग्रेन-फ्री, टॉपचं, दोन वर्षांपासून.

त्यांनी हात थांबवला. बॅगेचा फोटो आहे का म्हणाल्या. पोरीनं मागं कधीतरी काढलेला होता मोबाईलमध्ये. मोठा करून वाचला अन् नुसतं "हं" म्हणाल्या. त्या "हं"नं माझ्या पोटात गोळा आला.

आजाराचं नाव डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, डीसीएम म्हणतात. मॅडमनं समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. विहिरीवरच्या मोटरचं इम्पेलर घासलं तर मोटर फिरते, आवाज करते, लाइट खाते, पण पाणी वर चढत नाही. तसं हृदयाचा डावा कप्पा फुगून मोठा होतो, त्याची भिंत पातळ पडते, ठोका पडतो पण रक्त पुढं ढकलायला जोर नसतो, मग ते मागं तुंबते अन् फुफ्फुसात पाणी भरते. म्हणून खोकला, म्हणून धाप, म्हणून पळाला की मेंदूला रक्त कमी पडून आडवा. इकोत एक आकडा असतो, ठोक्याला कप्पा किती टक्के आकसतो त्याचा, साधारण २५ च्या वर पाहिजे, बंड्याचा १३ होता.

आता हा आजार डॉबरमन, ग्रेट डेन, बॉक्सर यांच्यात रक्तातूनच येतो, त्यांचा तो घराण्याचा रोग. गोल्डनचा तसा नाही. म्हणून मॅडमनं आधी खाण्याचं विचारलं. म्हणाल्या, खाण्यामुळं असेल तर एक गोष्ट चांगली आहे, तो उलटू शकतो. डॉबरमनचा सहसा उलटत नाही.

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत मोबाईलवर वाचत होतो. अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न-औषधाचं सरकारी खातं, आपलं गुटखा पकडणारं नव्हे, त्यांचं तिकडचं) जुलै २०१८ मध्येच सांगून ठेवलं होतं की वाटाणा, मसूर, इतर कडधान्यं अन् बटाटा भरपूर असलेली फूड खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये डीसीएमच्या तक्रारी येताहेत, ज्या जातींत तो सहसा दिसत नाही त्यांच्यातही. जून २०१९ पर्यंत ५१५ कुत्र्यांच्या केसेस त्यांच्याकडं आल्या होत्या, खाण्यातल्या मालाची यादी तपासली तर ९० टक्क्यांहून जास्त फूड ग्रेन-फ्री अन् ९३ टक्क्यांमध्ये वाटाणा किंवा मसूर. सगळ्यात जास्त केसेस कोणत्या जातीच्या? गोल्डन रिट्रीव्हर, ९५. हे वाचलं तेव्हा बंड्या माझ्या खाटेखाली झोपला होता अन् मला त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

आता दुसरी बाजू पण लिहितो, नाहीतर कोणीतरी येऊन मला शिकवेल. एफडीएनं कधीच असं म्हटलं नाही की ग्रेन-फ्रीमुळं डीसीएम होतोच. तक्रारी म्हणजे पुरावा नव्हे, गोल्डनवाले लोक ग्रुपवर जास्त बोलतात म्हणून त्यांच्या केसेस जास्त कळवल्या गेल्या असतील हेही त्यांनीच लिहिलंय, अन् अमेरिकेत कुत्री पावणेआठ कोटींच्या घरात, त्यात हा आकडा किती. २०२२ पर्यंत तक्रारी १३०० च्या वर गेल्या अन् डिसेंबरमध्ये त्यांनी सांगितलं की नवीन ठोस काही सापडल्याशिवाय आता आम्ही आकडे देत बसणार नाही. म्हणजे केस बंद पण नाही अन् निकाल पण नाही, आपल्या तहसीलसारखं.

पण कारण काय असू शकते ते वाचताना मला आईची चुनी आठवली, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. टॉरिन नावाचा एक पदार्थ असतो, हृदयाच्या स्नायूला लागतोच. मांस, मासे यांत असतो, झाडापाल्यात नसतो म्हटलं तरी चालेल. मांजर स्वतःच्या शरीरात तो पुरेसा बनवू शकत नाही, म्हणून १९८७ साली कॅलिफोर्नियात जेव्हा सापडलं की मांजरांचा डीसीएम टॉरिन कमी पडल्यानं होतो, तेव्हापासून मांजरांच्या फूडमध्ये तो जास्त टाकू लागले अन् मांजरांचा हा आजार जवळपास नाहीसा झाला. कुत्रा मात्र टॉरिन स्वतः बनवतो, मेथिओनिन अन् सिस्टीन या प्रोटीनमधल्या दोन घटकांपासून. अन् कडधान्यात नेमकं मेथिओनिनच कमी! धान्यात ते बऱ्यापैकी असते पण धान्यात लायसिन नावाचा तसलाच दुसरा घटक कमी, जे डाळीत भरपूर. म्हणजे आपली आजी वरण अन् भात एकत्र का वाढायची, ज्वारीच्या भाकरीवर झुणका का, हे एकमेकांची कमी भरून काढणारं गणित होतं अन् ह्या सोनेरी अक्षरवाल्यांनी त्यातून भातच काढून टाकला अन् नुसतं वरण ठेवलं. शिवाय डाळीच्या फायबरमुळं टॉरिन शीवाटे जास्त निघून जात असेल असंही काही जण मानतात.

२०१८ मध्येच कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठाचा एक अभ्यास आला, टॉरिन कमी अन् डीसीएम असलेले २४ गोल्डन, त्यातले २३ ग्रेन-फ्री किंवा कडधान्य भरपूर असलेलं फूड खाणारे. फूड बदललं, टॉरिन दिलं, तर जवळपास सगळ्यांची तब्येत सुधारली. मी हे सकाळी मॅडमला फोटो काढून पाठवलं, जणू त्यांना माहीत नाही. त्यांनी अंगठा पाठवला.

पण टॉरिनवर सगळं खापर फोडून मोकळं होता येत नाही. डीसीएमच्या कितीतरी कुत्र्यांच्या रक्तात टॉरिन व्यवस्थित सापडलं, तरी फूड बदलल्यावर ते सुधारले, म्हणजे आणखी काहीतरी आहे. अन् धान्य असलं की झालं असंही नाही, वीसेक वर्षांपूर्वी मेंढीचं मांस अन् तांदळाच्या फूडवर असलेल्या न्यूफाउंडलंड कुत्र्यांमध्येही टॉरिन कमी निघालं होतं. सांगायचं एवढंच की ग्रेन-फ्री हा शब्द म्हणजे गुण नाही. बॅगेवर तो गुणासारखा मोठ्या अक्षरात छापतात, अन् मी त्याचेच महिन्याला सात हजार देत होतो.

कस्टमर केअर: फोनवर पोरगी गोड बोलली, हिंदीत, ईमेल करा म्हणाली. ईमेल केला, लेबलचा फोटो, इकोचा रिपोर्ट सगळं जोडून. नऊ दिवसांनी उत्तर आलं की आमचं फूड सर्व निकष पाळून बनतं अन् आपल्या लाडक्याच्या तब्येतीसाठी शुभेच्छा. मी परत विचारलं की तुमच्याकडं फॉर्म्युला बनवणारा पशुपोषणाचा शिकलेला माणूस नोकरीवर आहे का, अन् हे फूड कुत्र्यांना खरंच खाऊ घालून तपासलंय का, की नुसतं कॉम्प्युटरवर आकडे जुळवलेत. हे दोन प्रश्न मॅडमनं सांगितले होते. उत्तर आजतागायत नाही. दुकानदार उघडलेली बॅग परत घेईना, ते ठीक आहे, उघडलेली कोण घेईल, पण म्हणाला भाऊ, बाकी कोणाच्या कुत्र्याला काही झालं नाही. मी म्हटलं बाकी कोणी इको केला का? तर गप्प.

इलाजाचं थोडक्यात. हृदयाला जोर देणारी पिमोबेंडनची गोळी दोन वेळा, जेवणाच्या तासभर आधी, फुफ्फुसातलं पाणी काढायची गोळी, आणखी एक बीपीची, अन् टॉरिन. डोस इथं लिहीत नाही, कोणी बघून देऊन टाकाल. पाणी काढायच्या गोळीनं तो इतका मुतायचा अन् इतकं पाणी प्यायचा की उन्हाळ्यात अंगणात तीन घमेली भरून ठेवावी लागली. फूड परत ते जुनं साधं चिकन-राइसवालं, आठ-दहा दिवसांत थोडं थोडं करून बदललं. त्याची बॅग ह्याच्या निम्म्या पैशात येते, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

मॅडम म्हणाल्या वरून थोडं उकडलेलं चिकन द्या, मीठ नको, कांदा-लसूण अजिबात नको, कांद्यानं कुत्र्याचं रक्तच बिघडते. आता आमची आई माळकरी. घरात अंडं पण बाहेरच्या चुलीवर. दोन दिवस ती काही बोलली नाही, तिसऱ्या दिवशी सालदाराला म्हणाली, "थ्या जीवाले लागते तं लागते, मले नोको सांगू, गोठ्यामागं तीन दगडं मांड अन् शिजव." तेव्हापासून गोठ्यामागं बंड्याचं वेगळं किचन आहे. बघायला ती जात नाही, पण भगोनं घासलं का हे रोज विचारते.

खरा त्रास मिठाचा. हृदय कमजोर झालं की मीठ अंगात पाणी धरून ठेवते, अन् आमच्या घरात येणारा जाणारा प्रत्येक माणूस कुत्र्याला काहीतरी देतो. शेव, चिवडा, पापडाचा तुकडा, बिस्कीट, दाराशी आलेलं पोट्टं अर्धा समोसा. मी ओसरीवर पाटी लावली, 'कुत्रा हार्ट पेशंट आहे, काही देऊ नये'. लोक फोटो काढून घेऊन गेले. गावात मला आता हार्टवाले भाऊ म्हणतात.

एक काम पोरीकडं दिलं होतं, ते सगळ्यांनी शिकून ठेवण्यासारखं आहे, फुकट आहे. कुत्रा गाढ झोपला की एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे, छाती वर-खाली झाली की एक. ३० च्या आत पाहिजेत. सतत ३० च्या वर जायला लागले तर डॉक्टरला फोन. तिनं वही केली, तारीख, वेळ, आकडा. पहिल्या आठवड्यात ४६, ४२, ४४. होळीपर्यंत ३१. मे महिन्यात २२-२४ वर आला. गणितात ती कच्ची आहे, पण ही वही नीट ठेवली.

जूनमध्ये परत इको केला, आकडा १९. ऑक्टोबरमध्ये २६. मॅडमनं स्वतः स्क्रीन वळवून दाखवली. बीपीची अन् पाणी काढायची गोळी बंद झाली, पिमोबेंडन अजून चालू आहे, टॉरिन चालू आहे. महिने लागतात, हे धरून चाला, आठ दिवसांत चमत्कार होत नाही. औषधानं सुधारला की फूड बदलल्यानं, कोणी विचारलं तर मॅडम म्हणतात दोन्ही एकदम केलं, वेगळं काढून सांगता येणार नाही. मला हे उत्तर आवडलं, दुकानदारानं एवढं प्रामाणिक एक वाक्य बोललं असतं तर.

आता काही जण म्हणतील, बघा, म्हणूनच आपली भाकर-दूध बरी. मला गावातल्या तिघांनी हेच म्हटलं. नाही भाऊ. मोत्या अन् काल्या भाकरीवर जगायचे असं आपल्याला वाटायचं, ते रात्री वावरात उंदीर, सरडे, ससा, नाल्यातलं मेलेलं ढोर काय काय हाणून यायचे ते आपण कुठं बघितलं. तुमचा साखळीला बांधलेला कुत्रा नुसत्या भाकर-दुधावर ठेवाल तर त्याला लागणारं सगळं पुरेसं कुठून मिळणार. घरचंच द्यायचं तर डॉक्टरकडून पूर्ण ताटाचं गणित लिहून घ्या. अन् शेजारच्या काकांचं पॉमेरियन खोकते म्हणून त्यांनी माझं ऐकून त्याचं फूड बदललं, त्याचा काही संबंध नव्हता, म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांचा बहुतेक हृदयाचा व्हॉल्व्ह गळतो, तो वेगळा आजार, त्याला वेगळी तपासणी. मी त्यांना पण नागपूरचा पत्ता दिला.

कोणी घ्यावं हे फूड? ज्याच्या डॉक्टरनं तपासून खरंच कारण सांगून लिहून दिलंय त्यानं. दुकानदारानं सांगितलं म्हणून नाही, लांडग्याचा फोटो आहे म्हणून नाही. ज्यांचं चालू आहे त्यांनी घाबरून आजच फेकू नका, पण मागं वळवून पहिली पाच-सात नावं वाचा, वाटाणा-मसूर-चणा किती वेळा येते ते बोटांवर मोजा, अन् कुत्रा गोल्डन, डॉबरमन असा कोणी असेल, थकत असेल, खोकत असेल तर एकदा इको करून घ्या. मला अडीच हजार लागले. बॅगेपेक्षा स्वस्त.

राहिला बॅगेचा स्टार. शेवटची बॅग निम्मी शिल्लक होती, माल उकिरड्यात पुरला, गावातली कुत्री खातील म्हणून वर शेण टाकलं. रिकामी बॅग आईनं धुऊन उन्हात वाळवली. तिची झिप एक नंबर आहे, दोन पावसाळे झाले तरी ओल नाही, कीड नाही, उंदरानं दात लावले पण आरपार नाही गेले. आईनं त्यात बियाण्याची तूर भरून ठेवलीय, कोठीत, लांडग्याचं तोंड भिंतीकडं करून.